शेवटच्या पंगतीतला भागधारक

हिमायतनगर : मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील हिमायतनगर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पैनगंगेच्या खोऱ्यातील या भागात शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो कापूस आणि सोयाबीनच्या हंगामानंतर, तर नोकरदाराच्या हाती महिन्याच्या पगारातून. एके काळी शेअर घ्यायचे म्हटले की जिल्ह्याच्या ठिकाणी दलाल गाठावा लागे आणि कागदी प्रमाणपत्र टपालाने येण्याची वाट पाहावी लागे. १९९६ नंतर डीमॅट खाती आली, पुढे भ्रमणध्वनी आला आणि शेअर बाजार थेट अशा गावांच्या चौकात येऊन उभा राहिला. मात्र शेअर विकत घेणे सोपे झाले म्हणून कंपनी समजून घेणे सोपे झालेले नाही.

छोट्या गुंतवणूकदाराला सर्वाधिक मोह पडतो तो कमी भावाच्या शेअरचा. हजार रुपयांत एखाद्या नामवंत कंपनीचा जेमतेम एक शेअर येतो. अडचणीत सापडलेल्या बांधकाम कंपनीचे पन्नास येतात. नग जास्त म्हणून माल स्वस्त, हा आठवडी बाजारातला हिशेब येथे मात्र लागू पडत नाही. शेअर म्हणजे कंपनीचा एक हिस्सा. कंपनीचे एकूण हिस्से किती, ते वाढत आहेत काय आणि त्या हिश्श्यावर आधी कोणाचा हक्क आहे, हे पाहिल्याशिवाय वीस रुपये स्वस्त की महाग हे ठरवता येत नाही.

हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी अर्थात ‘एचसीसी’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी. भोर घाटातील रेल्वेच्या बोगद्यांपासून ३० जून २००९ रोजी खुल्या झालेल्या वांद्रे–वरळी सागरी सेतूपर्यंत अनेक मोठी कामे तिच्या नावावर आहेत. एवढा सेतू बांधणारी कंपनी बुडेल कशी, असा प्रश्न सामान्य माणसाला पडणे स्वाभाविक आहे. परंतु बांधकामाचे कौशल्य आणि भागधारकाचा लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कर्जाचा बोजा पेलवेना म्हणून २०१२ मध्ये एचसीसीला कर्ज पुनर्रचनेचा मार्ग धरावा लागला. त्या वेळी कंपनीचे सुमारे ६० कोटी शेअर होते. पुढे संस्थात्मक गुंतवणूकदारांना नवे शेअर विकले गेले, बँकांनी कर्जाचा काही भाग शेअरमध्ये फिरवून घेतला आणि २०१८ च्या अखेरीस भागधारकांना दर १०० शेअरमागे ४९ हक्कभाग प्रत्येकी १० रुपयांना देऊ करण्यात आले. २०१९ पर्यंत शेअरची संख्या सुमारे १५१ कोटींवर गेली.

याचा अर्थ काय, हे साध्या हिशेबाने पाहता येते. समजा, एखाद्या शिक्षकाने २०१२ मध्ये या कंपनीचे ६०० शेअर घेऊन ठेवले आणि पुढे त्यांना हातही लावला नाही. तेव्हा कंपनीच्या दहा लाख भागांपैकी एक भाग त्याचा होता. २०१९ मध्ये तेच ६०० शेअर पंचवीस लाख भागांपैकी एका भागाएवढे राहिले. खात्यात आकडा तोच दिसतो, पण मालकी निम्म्याहून अधिक घटलेली असते. भावाच्या आलेखात ही घट वेगळी दिसत नाही, म्हणून ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

लवासाचे ओझे

एचसीसीच्या अडचणींची चर्चा लवासाशिवाय पूर्ण होत नाही. पुण्याजवळ वरसगाव धरणाच्या पाणलोटात, मोसे खोऱ्यात हे नवे शहर उभारण्याचे काम कंपनीच्या उपकंपनीने हाती घेतले. एचओके या अमेरिकी वास्तुरचना संस्थेने त्याचा आराखडा केला आणि त्याचे कौतुकही झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला. सशर्त परवानगी मिळेपर्यंत वर्ष गेले. दरम्यान व्याजाचे चक्र थांबले नव्हते. उपकंपनीचे शेअर जनतेला विकण्याचे २०१० आणि २०१४ मधील दोन्ही बेत तडीस गेले नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने एक पुनरुज्जीवन आराखडा मंजूर केला. मात्र तो अमलात आला नाही.

लवासाच्या कर्जासाठी एचसीसीने हमी दिली होती, हा मुद्दा भागधारकाच्या दृष्टीने महत्त्वाचा. गावात जामीनदाराचे काय होते हे कोणालाही सांगावे लागत नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालात अशा हमीची नोंद ‘संभाव्य देणी’ या मथळ्याखाली, बहुधा शेवटच्या पानांवर आणि बारीक अक्षरांत असते. अहवालातील सागरी सेतूची रंगीत छायाचित्रे पाहून झाल्यावर ही पाने उघडणारे वाचक विरळाच.

काम झाले, पैसे नाहीत

बांधकाम कंपन्यांचे दुखणे आणखी एक आहे. रस्ता, बोगदा, धरण यांचे ग्राहक बहुतेक सरकारी यंत्रणा असतात. जमीन वेळेवर मिळत नाही, आराखडा बदलतो, खर्च वाढतो आणि वाढीव देयकावरून वाद सुरू होतो. लवादाने कंपनीच्या बाजूने निवाडा दिला तरी यंत्रणा न्यायालयात जाते. जुन्या कायद्यानुसार निवाड्याला केवळ आव्हान दिले तरी वसुलीला आपोआप स्थगिती मिळे. २०१५ मध्ये ही तरतूद बदलली, पण २०१९ च्या दुरुस्तीने जुन्या प्रकरणांसाठी ती पुन्हा मागील दाराने आली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेली कंपनी एचसीसीच होती आणि २७ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द ठरवले. निवाड्याची ७५ टक्के रक्कम बँक हमीवर आधी द्यावी, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्येच घेतला होता.

म्हणून अशा कंपनीच्या ताळेबंदात ‘येणे’ भरपूर दिसते. परंतु उधारीवर विकलेल्या मालाचा पैसा वसूल होईपर्यंत अडत दुकानदार जसा स्वतःला श्रीमंत समजत नाही, तसेच येथेही आहे. हाती किती कामे आहेत या आकड्यापेक्षा रोख किती आली आणि त्यातून व्याज भागले काय, हे आधी पाहावे लागते.

पंगतीचा क्रम

कंपनी खरोखरच बुडाली तर काय? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने वाटपाचा क्रम ठरवून दिला आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेले धनको आणि कामगारांची २४ महिन्यांची देणी, त्यानंतर इतर कर्मचारी, विनातारण वित्तीय धनको, सरकारी देणी, उरलेले धनको, अग्रहक्क भागधारक आणि सर्वांत शेवटी सामान्य भागधारक. शेवटच्या पंगतीपर्यंत पातेल्यात काही उरले, असे क्वचितच घडते.

मुंबईच्या ‘डीएचएफएल’ या गृहवित्त कंपनीच्या बाबतीत हे उघड दिसले. ७ जून २०२१ रोजी न्यायाधिकरणाने पिरामल समूहाचा आराखडा मंजूर केला. देकार सुमारे ३७,२५० कोटी रुपयांचा होता, पण जुन्या भागधारकांचा वाटा शून्य. १४ जूनला शेअरचे व्यवहार थांबले. कंपनी वाचली, नवा मालक आला, मात्र शेअर पुसले गेले. कंपनी वाचणार म्हणजे आपला शेअर वाचणार, हा समज अनेकांना महागात पडला.

पुण्याच्या डी. एस. कुलकर्णी डेव्हलपर्सच्या प्रकरणात तर रांगेत पुढे असलेले मुदत ठेवीदारही हवालदिल झाले. २०१७ मध्ये तक्रारी दाखल झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रवर्तकाला अटक झाली, पुढे २०२२ मध्ये जामीन मिळाला. कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि आराखडा मंजूर व्हायला २०२३ उजाडले. निवृत्तिवेतनाची पुंजी गुंतवलेल्या वृद्धांसाठी ही वर्षे फार मोठी होती.

अर्थात, दुसरी बाजू आहेच. मार्च २०२० मध्ये पाच रुपयांच्याही खाली गेलेला एचसीसीचा शेअर जुलै २०२४ मध्ये पन्नाशीपलीकडे पोहोचला. ज्यांनी तळाशी घेतला आणि माथ्यावर विकला, त्यांचे पैसे दसपट झाले, आणि चहाच्या टपरीवर गोष्ट सांगितली जाते ती त्यांचीच. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये बड्या संस्थांनी याच कंपनीचे शेअर सुमारे ४३ रुपयांनी घेतले आणि वर्षभराने कंपनीने हक्कभाग काढले ते १२ रुपये ५० पैशांना. अभ्यासकांची फौज बाळगणाऱ्या संस्थांचीही ही गत झाली.

प्रवर्तकांचा स्वतःचा हिस्सा किती आणि त्यातील गहाण किती, याची माहिती दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. एचसीसीत हा हिस्सा २०२४ मध्येच २० टक्क्यांच्या खाली होता. ज्याचे घर त्याचीच त्यात फारशी गुंतवणूक उरली नसेल, तर भाडेकरूने दुरुस्तीला किती पैसे घालावेत, हा विचार ज्याचा त्याने करावा.

हक्कभागांच्या बाबतीत एक बारकावा छोट्या गुंतवणूकदाराच्या नजरेतून हमखास निसटतो. २०२० पासून हक्कभाग मागण्याचा अधिकार डीमॅट खात्यात वेगळ्या नावाने जमा होतो आणि ठरावीक दिवसांपर्यंत बाजारात विकताही येतो. नवे पैसे घालायचे नसतील तर तो विकून निदान काही रक्कम हाती येऊ शकते. अर्ज केला नाही आणि विकलाही नाही, तर मुदतीनंतर तो अधिकार खात्यातून नाहीसा होतो. त्याचा एक रुपयाही मिळत नाही.