डॉ. लुओंचा काढा

लंडनमधल्या चिनी औषधांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. यिन-यांगचा तोल बिघडला की आजार येतो, वैद्य नाडी आणि जीभ पाहतो, मग सुया, काढे, मालिश यांनी तो तोल सावरतो, एवढी ओळख कुठेही वाचायला मिळते. मला धरून ठेवलं ते एका काढ्याने.

ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हे लंडनमधलं मुलांचं नावाजलेलं रुग्णालय. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथले त्वचारोगतज्ज्ञ डेव्हिड ॲथर्टन यांच्या लक्षात आलं, की मलमांना दाद न देणारा इसब काही मुलांच्या अंगावरून ओसरतोय. ही मुलं चायनाटाउनमध्ये डॉ. डिंग-हुई लुओ यांच्याकडे जात होती. तिथल्या पुड्या घरी उकळून आईबाप त्यांना कडूजहर काढा पाजत. ॲथर्टन यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. त्यांनी 10 वनस्पतींचं ठरावीक मिश्रण तपासायला घेतलं. त्यात आपला गोखरू होता, ज्येष्ठमध होतं. तुलनेसाठी चवीला तसाच, पण इसबावर निरुपयोगी असा दुसरा काढा केला. 47 मुलांना दोन्ही काढे आळीपाळीने आठ-आठ आठवडे दिले. कोणता खरा, हे मुलांना ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. 37 मुलं शेवटपर्यंत टिकली. खऱ्या काढ्याने त्यांची त्वचा स्पष्ट सुधारली. 1992 मध्ये हे प्रसिद्ध झालं. याच काढ्याच्या हाँगकाँगमधल्या 1999 च्या चाचणीत मात्र असा फायदा दिसला नाही.

त्या दहा वनस्पतींत क्लेमॅटिस या वेलीचं खोड होतं. बाजारात त्याला मु तोंग म्हणतात, आणि माझी काळजी इथून सुरू होते. मु तोंग म्हणून ॲरिस्टोलोकियाचं खोडही विकलं जाई. आपल्याकडची सापसंद याच प्रजातीतली. सुकवून चकत्या केल्या की दोन्ही खोडं पिवळसर, सच्छिद्र. ग्राहकाने ओळखायची कशी? ॲरिस्टोलोकियातलं आम्ल मूत्रपिंड कायमचं निकामी करतं, कर्करोगही करतं. ब्रसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत अशाच अदलाबदलीने ते शिरलं आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडं बिघडली. 1999 मध्ये ब्रिटनमध्येही दोघांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं प्रसिद्ध झालं. दोघांनी चिनी औषध घेतलं होतं ते इसबासाठीच.

लंडनमधल्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानाने 1998 मध्ये चिनी औषधी वनस्पतींची ओळख पटवणारं केंद्र काढलं. चीनमध्ये जाऊन नक्की ओळखलेल्या झाडांचे नमुने आणायचे, बाजारातली चकती सूक्ष्मदर्शकाखाली आणि रासायनिक तपासणीत त्यांच्याशी ताडून पाहायची, हे तिथलं काम. इतकं चिकाटीचं काम आयुर्वेदातल्या, ओळख संदिग्ध असलेल्या द्रव्यांसाठीही गावोगावच्या बाजारात व्हायला हवं.

2001 च्या ब्रिटिश आदेशाने ॲरिस्टोलोकियावर बंदी घातली, आणि घोटाळ्याला वाव नको म्हणून निर्दोष क्लेमॅटिसवरही. पुडी बांधणाऱ्या माणसाचं काय? वनौषधी देणाऱ्यांची सरकारी नोंदणी करण्याचं आश्वासन 2011 मध्ये मिळालं होतं. या प्रश्नावरच्या 2015 च्या अहवालानंतर ते बाजूला पडलं.