काळी माती घर खचवत नाही, उचलते

मुंबईतल्या दिंडोशीत राहणाऱ्या अनेकांचं मूळ गाव सोलापूर, बीड, लातूर किंवा यवतमाळकडचं. निवृत्तीचे पैसे हातात आले की गावाकडे चार खोल्यांचं घर बांधायचं, हे त्यांचं कधीपासून ठरलेलं असतं. ओळखीचा मिस्त्री इथूनच नेतात, नकाशाही इथलाच. घर उभं राहतं, आणि दोन पावसाळे गेले की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. सगळे म्हणतात, "सिमेंट कमी घातलं." सिमेंट चोख असलं तरी ही भेग पडते.

दिंडोशी म्हणजे डोंगरउतार, खाली मुरूम आणि बेसॉल्टचा खडक. इथली काळजी उताराची, भरावाची आणि अडून राहिलेल्या पाण्याची. जुलै २०१९च्या मुसळधार पावसात पिंपरीपाड्यात भिंत कोसळून किती माणसं गेली, हे इथे कुणाला सांगायला नको. गावाकडची काळी मातीही अशाच बेसॉल्टची झीज होऊन बनली आहे, पण तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी ओढून घेतं आणि फुगतं, वाळलं की आकसतं.

म्हणून "काळी माती कमकुवत, ती वजनाने दबते" हे अर्धंच खरं. मे महिन्यात ती कुदळीलाही दाद देत नाही. खरा धोका ती घर वर उचलते हा आहे. जड इमारत तिला दाबून धरू शकते, बैठ्या घराचं वजन मात्र फुगणाऱ्या मातीच्या दाबापुढे कमी पडतं. "बैठं घर आहे, पाया हलका चालेल" हा मला या विषयातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वाटतो. शिवाय माती सगळीकडे सारखी हलत नाही. घराच्या मधोमध ओल टिकून राहते, कडेची माती मात्र दर ऋतूला भिजते आणि वाळते. भेग उन्हाळ्यात रुंदावते, पावसाळ्यात मिटते, किंवा याच्या उलट होतं. गिलावा करून ती कायमची बुजत नाही, याचं कारण हेच.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. शेत ते काळी आणि गावठाण ते पांढरी, असे दोन शब्दच आपल्याकडे होते. आता बिगरशेती (एन. ए.) प्लॉट पडतात ते थेट काळीत.

"सळई वाढवा, फरशीखालचं काँक्रीट जाड करा" हाही नेहमीचा सल्ला. नुसत्या जाडीने काम होत नाही. जमीन एका बाजूने उचलली तरी घर एकसंध राहावं, यासाठी पुरेशा खोलीचे, एकमेकांत बांधलेले बीम लागतात. ऑस्ट्रेलियात बांधण्याआधीच प्लॉटची जमीन किती हलेल याचा अंदाज घेऊन वर्ग ठरवतात. ७५ मिलिमीटरहून जास्त हलणारी जमीन सगळ्यात वरच्या वर्गात जाते आणि पायाचा आराखडा त्यावरून होतो.

काळी माती काढून मुरूम भरण्याबद्दलही गोंधळ आहे. खड्ड्यात भरलेला सैल, पाणी झिरपू देणारा मुरूम म्हणजे पायाखाली बांधलेलं तळंच. भोवतीची काळी माती त्यातूनच पाणी पिते. दिंडोशीच्या डोंगरापलीकडे पवईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर वर्षानुवर्षं काम केलं. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा साधारण एक मीटरचा थर चांगला दाबून घातला, तर खालची काळी माती फुगायची आवरते, असं त्यांनी दाखवलं. मुरूम घ्यायचा तो असा, आणि धुमसायचा थराथराने.

दुसरा मार्ग रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुजवलेल्या अंडर-रीम्ड पाइलचा. ओल बदलते ती वरच्या थरात. त्याच्या खाली, साधारण साडेतीन मीटर किंवा अधिक खोल, बुंध्याच्या अडीचपट रुंदीचा फुगवटा काँक्रीटमध्ये करतात आणि पाइल तिथे घट्ट रुतून बसतो. वरचा बीम जमिनीला टेकवायचा नाही, खाली निदान ८० मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची, म्हणजे मातीला फुगायला वाव मिळतो. घाईत हीच जागा मातीने बुजवली जाते आणि पाइलचा खर्च वाया जातो.

पाया कितीही चांगला असो, पाणी सांभाळावंच लागतं. शोषखड्डा भिंतीला खेटून नको, पागोळ्या जोत्याशी पडू देऊ नका, घराभोवती बाहेर उतार असलेली मीटर-दीड मीटरची फरसबंदी करा, मोठी झाडं लांब लावा.

आणि चाचणी करा. चाळलेली, सुकवलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घालतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींची तुलना होते. पाण्यातली माती ५० टक्क्यांहून जास्त फुगली तर सावध व्हायचं, १०० टक्क्यांच्या पुढे गेली तर धोका मोठा. घराच्या खर्चात या चाचणीचे पैसे दिसतही नाहीत. पहिली कुदळ मारण्याआधी आपल्या प्लॉटमधली माती प्रयोगशाळेत द्या, आणि तो अहवाल हातात आल्याशिवाय मिस्त्रीला पाया आखू देऊ नका.