उपस्थात्याचे वेतन : मार्केट यार्डाने दिलेला धडा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषध व रोगी यांच्या जोडीला परिचारकाचेही स्थान त्यात आहे. उपचारांचे ज्ञान, दक्षता, शुचिता आणि अनुराग हे चार गुण त्याच्या अंगी असावेत, अशी आचार्यांची अपेक्षा आहे. आजच्या व्यवहारात हा उपस्थाता म्हणजे आपला कंपाउंडर, पंचकर्म करणारा सहायक, चूर्णाच्या पुड्या भरणाऱ्या भगिनी. त्यांच्याकडून अनुरागाची अपेक्षा आपण सारेच करतो. तो टिकावा म्हणून आपण काय देणे लागतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

या संदर्भात पुण्याच्या मार्केट यार्डाचा इतिहास वैद्यवर्गाने अवश्य अभ्यासावा. तो घडविणारे डॉ. बाबा आढाव हे मूळचे आयुर्वेदाचेच पदवीधर होते. नाना पेठेत व्यवसाय करताना पाठीवर पोती वाहणारे हमाल त्यांच्या पाहण्यात आले. कटिशूलावर लेप देता येतो. परंतु रोज शंभर किलोचे पोते उचलणे हाच हेतू असेल, तर निदानपरिवर्जन दवाखान्यात होत नाही. 1955 च्या सुमारास त्यांनी हमाल पंचायत उभी केली. (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा सुचविली, हे येथे लक्षात घ्यावे.) 8 डिसेंबर 2025 रोजी, वयाच्या 95 व्या वर्षी, बाबांचे पुण्यात निधन झाले.

हमालाची खरी अडचण अशी होती, की त्याला एक मालक नव्हता. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर काम. मग भविष्यनिर्वाह निधी कोणी भरावा, रजा कोणी द्यावी? 1969 च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने यावर मार्ग काढला. मालक, कामगार व शासन या तिघांचे प्रतिनिधी असलेले मंडळ स्थापन झाले. व्यापारी व हमाल दोघांचीही तेथे नोंदणी होते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ वेतन देते, आणि लेव्हीतून निधी, उपदान, रजा, वैद्यकीय साहाय्य यांची तरतूद होते. ज्या औषधिविक्रेत्यांच्या गोदामात मालाची चढउतार होते, त्यांनी आपल्या भागातील मंडळाची योजना आपणास लागू आहे काय, हे पाहून नोंदणी करून घ्यावी.

या व्यवस्थेचे मर्म एकच : हाती पडणारी मजुरी म्हणजे संपूर्ण वेतन नव्हे, आणि ज्याची नोंद नाही तो हक्क सिद्ध करता येत नाही. आमच्या पाहण्यात असे कित्येक दवाखाने आहेत, जेथे दहा-पंधरा वर्षे सेवा केलेल्या मनुष्याजवळ आपल्या सेवेचा कागदाचा एक कपटाही नाही. तो आजारी पडला, की तंटा उभा राहतो, आणि तेव्हा मालकापाशीही दाखविण्यास काही नसते.

केंद्राच्या चारही श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या आहेत. किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस व समान वेतन यांविषयीचे चार जुने कायदे आता वेतन संहितेत सामावले आहेत. आपला दवाखाना लहान असला, तरी किमान वेतनाचे बंधन चुकत नाही. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे, वेतनचिठ्ठी द्यावी, जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा. नोकरी सुटल्यास हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत पुरा करावा. स्त्री-पुरुषांस समान कामाचे वेतन समान असावे.

काही बंधने संख्येवर अवलंबून आहेत. दहा माणसे झाली, की राज्य विमा व उपदान यांचा, आणि वीस झाली, की भविष्यनिर्वाह निधीचा विचार करावा लागतो. उपदान सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, प्रतिवर्षी पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे देय होते. मुदतबंद नेमणुकीस आता एक वर्ष पुरेसे आहे. दहा वा अधिक कर्मचारी असल्यास लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, 2013 अन्वये अंतर्गत समिती नेमणेही बंधनकारक आहे. एकांत कक्षात स्नेहन-स्वेदनाचे काम चालणाऱ्या पंचकर्म केंद्रांनी याकडे दुर्लक्ष करू नये. राज्याचे नियम व वेतनदर वेळोवेळी बदलतात. ते कामगार कार्यालयातून तपासून घ्यावेत.

आरंभ सोपा आहे. प्रत्येकास नेमणूकपत्र द्यावे. त्यात काम, वेळ, वेतन व सुट्टी लिहावी. हजेरीपट व वेतनपट ठेवावा. वेतन शक्यतो बँकेत जमा करावे. रुग्णपत्रक आपण जितक्या काळजीने लिहितो, तितक्याच काळजीने हे लिहिले, तर वर्षाकाठी काही तासांचेच काम आहे.

बाजारात पोती वाहणाऱ्या माणसाला एका वैद्याच्या पुढाकाराने संघटना मिळाली, पुढे कायद्याचा आधार मिळाला. आपल्याच खलबत्त्याशी उभा असलेला माणूस त्याहून कमी हक्काचा असू नये, असे आम्हास वाटते.