नवगाव बेने इस्रायल दफनभूमी

नवगाव बेने इस्रायल दफनभूमी ही महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील नवगाव येथे असलेली ज्यूंची जुनी दफनभूमी आहे. कोकणात स्थायिक झालेल्या बेने इस्रायल समाजाचे पहिले पूर्वज येथे पुरले गेले, अशी या समाजाची परंपरा आहे. त्यांच्या स्मरणार्थ येथे एक स्तंभ उभारलेला आहे. मात्र परंपरेने त्यांच्यापैकी एकाचेही नाव जपलेले नाही.

परंपरा

खांदेरी-उंदेरी बेटांजवळ एक गलबत फुटले आणि त्यातील केवळ सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे सांगितले जाते. किनाऱ्याला लागलेली प्रेते नवगाव येथे दोन मोठ्या उंचवट्यांखाली पुरण्यात आली. एकाखाली पुरुष व दुसऱ्याखाली स्त्रिया. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांचा उल्लेख येतो, हे साम्य अभ्यासकांनी नोंदवले आहे.

वाचलेल्यांचे वंशज तेल गाळण्याचा व्यवसाय करू लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले जाई. हिब्रू भाषा विस्मृतीत गेली, तरी सुंता, आहाराचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना टिकून राहिली. पूर्वजांची नावे लोपली. वस्तीच्या गावांची नावे मात्र नवगावकर, केहिमकर, पेणकर अशा आडनावांत राहिली.

काळ व पुरावा

समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी हे आगमन इ.स.पू. 175 च्या सुमाराचे मानले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा वाटा आढळला. हा संकर सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा असून त्यात ज्यू पुरुषांचा व स्थानिक स्त्रियांचा वाटा अधिक होता. सात जोडप्यांच्या कथेशी हा निष्कर्ष पूर्णपणे जुळत नाही, परंतु पश्चिमेकडून आलेल्या ज्यू पूर्वजांच्या स्मृतीला तो दुजोरा देतो.

वंशाचा वाद

1948 नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथील मुख्य रब्बी मंडळाने 1962 मध्ये बेने इस्रायलांच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांपूर्वी मातृवंशाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे आदेश दिले. ज्यांच्या मूळ पूर्वजांची थडगीच निनावी होती, त्यांना ही अट जाचक ठरणे स्वाभाविक होते. समाजाने तीव्र आंदोलन केले आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच असल्याचे जाहीर केले.