गुप्तधन नसलेला खजिना

परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला अक्षांश-रेखांश आता नवे राहिलेले नाहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सोयाबीनच्या, कापसाच्या, तुरीच्या बांधावर फोन आभाळाकडे धरून उभी असलेली माणसं दिसू लागली. गट नंबर टाकायचा, लोकेशन येण्याची वाट पाहायची, पिकाचा फोटो काढायचा. लोकेशन आलंच नाही तर चार पावलं सरकून पुन्हा प्रयत्न. रोजगार हमीच्या विहिरीचा फोटोसुद्धा अक्षांश-रेखांशासकट चढवावा लागतो. उपग्रहांशी ओळख सरकारनेच करून दिली म्हणायची. याच उपग्रहांच्या मदतीने खेळताही येतं, हे मात्र कोणी सांगितलेलं नाही.

या खेळाचं नाव जिओकॅशिंग. कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण ते आकडे यंत्रात भरायचे, यंत्र दाखवेल त्या दिशेने निघायचं, डबा शोधायचा. आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसाच, होता तिथेच ठेवायचा. डब्यात किडूकमिडूक वस्तू असतात, एखादं खेळणं, नाणं, बिल्ला. त्यातली एखादी घेतली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. बक्षीस नाही, पंच नाही.

खेळाचा जन्म कधी झाला हे अगदी तारखेनिशी सांगता येतं. जीपीएस ही अमेरिकी लष्कराची यंत्रणा. सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम गोंधळ मिसळलेला असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने हा गोंधळ बंद झाला आणि एका रात्रीत जगभरातली यंत्रं जवळजवळ दहापट अचूक झाली. ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर या संगणकतज्ज्ञाने एक बादली रानात अर्धीअधिक पुरली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, एक गलोल होती आणि घेवड्याचा एक बंद डबाही होता. तीन दिवसांच्या आत ती शोधली गेली. गंमत म्हणजे आजच्या नियमांत उल्मरची ती बादली बसलीच नसती. डबा पुरायला आता मनाई आहे, कारण तो काढण्यासाठी लोक जमीन उकरत सुटतात. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. भारतात मात्र हा खेळ मोठी शहरं आणि पर्यटनाच्या जागा सोडून फारसा बाहेर पडलेला नाही.

तेव्हा परभणीत सुरुवात करायची तर आधी यंत्र समजून घेऊ. फोनवर भागणार नाही का? भागतं, आणि पहिले काही डबे फोनवरच शोधावेत. पण हातात धरायचं साधं जीपीएस यंत्र दोन पेन्सिल सेलवर वीसेक तास चालतं, पावसात भिजलं तरी चालतं, चिखलात पडलं तर पुसून घेता येतं, आणि त्याला रेंज लागत नाही. एप्रिलच्या उन्हात फोन तापून बंद पडतो तेव्हा या गोष्टीची किंमत कळते. घेताना एवढंच पाहा की ते फक्त जागा दाखवणारं यंत्र आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी हातातली यंत्रं दिसायला सारखीच असतात, पण आपल्याकडे ती परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे त्यापायी अडकलेले आहेत. जीपीएस यंत्र स्वतः काहीच पाठवत नाही, ते फक्त ऐकतं.

काय ऐकतं? वेळ. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे तीसेक उपग्रह अखंडपणे आपापली जागा आणि आपल्या अणुघड्याळातली वेळ सांगत असतात. संदेश खाली पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. किती उशिरा पोचला त्यावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांवरून जागा कळायला हवी, पण आपल्या यंत्रातलं घड्याळ स्वस्तातलं असतं, त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. म्हणून नवं यंत्र पहिल्यांदा चालू केलं की मोकळ्या आभाळाखाली काही मिनिटं स्वस्थ ठेवावं. घरात बसून ‘जागा दाखवत नाही’ म्हणून दुकानदाराला फोन करू नये. आपल्या इस्रोची ‘नाविक’ ही अशीच यंत्रणा आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला, आणि अलीकडच्या बऱ्याच फोनांत ती चालते.

मग सेटिंग. नव्या माणसाचं घोडं इथेच पेंड खातं. जागेचे आकडे तीन तऱ्हांनी लिहितात: अंश आणि त्याचे दशांश, अंश-मिनिटं-सेकंद, किंवा अंश आणि मिनिटांचे दशांश. जिओकॅशिंगमध्ये तिसरी तऱ्हा चालते. परभणी शहर साधारण १९ अंश १६ मिनिटं उत्तर, ७६ अंश ४७ मिनिटं पूर्व इथे आहे. आता १६ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १६.५ मिनिटं. कोणी ते घाईत १६.३० असं भरलं तर पाचव्या हिश्श्याइतकं मिनिट हरवलं. अक्षांशाचं एक मिनिट चांगलं १.८ किलोमीटरच्या वर भरतं, तेव्हा तुम्ही साडेतीनशे मीटरहून जास्त चुकलात. शोधत बसा मग भलत्याच्याच उसात. दुसरं सेटिंग पृथ्वीच्या मोजमापाच्या आधाराचं. ते ‘डब्ल्यूजीएस ८४’ असायला हवं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ‘एव्हरेस्ट’ नावाच्या वेगळ्या आधारावर काढलेले आहेत. त्यांवरचे आकडे जसेच्या तसे उचलले तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. जुन्या नकाशावरून पडकी बारव शोधायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

यंत्र काय दाखवतं? एक बाण आणि एक अंतर. फोनमधल्या नकाशासारखं ‘पुढच्या चौकात डावीकडे वळा’ असं ते सांगत नाही. अंतर असतं नाकासमोरचं, आणि परभणीत नाकासमोर जाता येतंच असं नाही. जायकवाडीचा डावा कालवा या जिल्ह्यातून जातो. बाण म्हणतो चारशे मीटर, मध्ये कालवा, आणि पूल कुठे आहे ते गुराख्याला विचारावं लागतं. पाथरी, मानवत, सोनपेठ पट्ट्यात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी लिंपते की प्रत्येक पाऊल दोन किलोचं होतं. वाट आपल्यालाच काढायची असते. माझ्या मते या यंत्राचा हाच मोठा गुण आहे. रस्ता सांगणाऱ्या फोनमागून चालताना माणूस गावाबाहेरचं काहीच पाहत नाही.

म्हणून निघताना पहिलं काम एकच: गाडी लावली ती जागा यंत्रात नोंदवा. मग डब्याचे आकडे. साध्या यंत्रात होकायंत्र नसतं, तेव्हा उभं राहिलं की बाण भरकटतो आणि चालू लागलं की ताळ्यावर येतो. याउलट होकायंत्र असलेलं यंत्र मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून दिशा पाहिली तर लोखंडामुळे फसगत होते. शेवटच्या दहा मीटरवर मात्र यंत्र खिशात घालावं. मोकळ्या माळावरही त्याची अचूकता तीन ते पाच मीटर, ओल्या पानांच्या वडाखाली त्याहून कमी. आणि ज्याने डबा लपवला त्याच्या यंत्रातही तेवढीच चूक होती. तिथून पुढे डोळे लावायचे: कुठला दगड उगाच नीट बसवल्यासारखा दिसतो, कुठल्या ढोलीच्या तोंडाशी पाला जास्त आहे. हात घालण्याआधी काठी घालावी. मण्यार आणि घोणस यांनाही अशाच जागा आवडतात.

पण परभणीत शोधायला डबाच हवा असं कुठे आहे? या जिल्ह्याचा खजिना दगडात बांधलेला आहे आणि तो आकड्यांनी शोधण्याचं काम सुरूही झालेलं आहे. रोहन काळे यांनी २०२० मध्ये महाराष्ट्र बारव मोहीम सुरू केली. गावोगावच्या बारवा शोधायच्या, त्यांचे अक्षांश-रेखांश नकाशावर चढवायचे, गावकऱ्यांना घेऊन गाळ आणि झाडोरा काढायचा, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावायचे. या नकाशात परभणी जिल्हा ठळकपणे दिसतो. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव चक्राकार पायऱ्यांची आहे, तशी सहसा पाहायला मिळत नाही. गावकऱ्यांनी ती मातीखालून मोकळी केली. परभणीजवळ पिंगळीची बारव आहे. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात तर मंदिरं, बारव, उंच स्तंभ असं एका गावात किती पाहावं. यंत्र शिकायला यापेक्षा बरी शाळा मिळणार नाही. शिवाय बारवेत एक धडा आपोआप मिळतो. पायऱ्या उतरू लागलं की आभाळाचा तुकडा लहान होत जातो, उपग्रह कमी दिसतात, संदेश दगडी भिंतींवर आपटून येतात, आणि पडद्यावरची जागा बारवेबाहेर भटकू लागते. म्हणून नोंद घ्यायची ती काठावर उभं राहून, आणि एकदाच नाही. यंत्रात सरासरी काढायची सोय असते, ती वापरून थोड्या थोड्या वेळाने घ्यायची.

जागा शब्दांनी नेमकी नोंदवून ठेवायची आणि मागाहून येणाऱ्याने ती शोधून काढायची, ही हौस आपल्याकडे जुनी आहे. महानुभावांची चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’ काढून बघा. चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे बसले, ते मंदिर गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, हे त्यात गावागणिक नोंदलेलं आहे, आणि त्यावरून माणसं स्थानं शोधत राहिली.

आता अडचणीची गोष्ट. असं यंत्र हातात धरून कोणी परक्या शेतातून चालू लागला की पहिला प्रश्न येतो, “मोजणीवाले का तुम्ही?” शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला जिल्ह्यात विरोध झालेला आहे, त्यामुळे हा प्रश्न हसून विचारलेला नसतो. तिन्हीसांजेला पडक्या देवळाभोवती दगड चाचपत फिरलात तर दुसरा संशय येतो, गुप्तधनाचा. तो बिनबुडाचा म्हणता येत नाही. गुप्तधनापायी देवळं उकरणारे आपल्याकडे आहेत, आणि त्यासाठी केलेली अघोरी कृत्यं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा म्हणून नोंदलेली आहेत. तेव्हा दिवसाउजेडी जा, बांधावरच्या माणसाला आपणहून रामराम घाला आणि यंत्र त्याच्याच हातात द्या. ई-पीक पाहणी केलेल्या माणसाला खेळ समजायला दोन मिनिटं पुरतात. नंतर बाण कुठे वळतो ते तोच सांगू लागतो.

स्वतः डबा ठेवायचा विचार असेल तर आणखी सांभाळून. जमिनीच्या मालकाची परवानगी हवी. संरक्षित वास्तू, रेल्वे, शाळा, धरणाची भिंत यांच्या जवळपास नको. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, आणि डब्याची देखभाल तुम्हालाच करावी लागते, त्यामुळे पुण्यात राहून गंगाखेडला डबा ठेवण्यात अर्थ नाही. बेवारस डबा म्हटलं की आपल्याकडे आधी बॉम्बची शंका येते. म्हणून पारदर्शक डबा घ्या, वर मराठीत ‘हा खेळाचा डबा आहे’ असं लिहा, आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. त्यांना सांगून ठेवलेला डबा लपलेला कसा, असं कोणी म्हणेल. पण गाव शोधायला लागण्यापेक्षा हे बरं. डबा नकोच असेल तर बिनडब्याचा प्रकारही आहे. त्यात एखाद्या भूरचनेपाशी जाऊन तिच्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात. पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे, नदी बेट कसं घडवते हे विचारायला त्याहून चांगली जागा मराठवाड्यात शोधावी लागेल.

आणि पालमच्याच परिसरात या जिल्ह्याचा एक बिनदगडाचं, बिनपाटीचं ठिकाण आहे. १९ अक्षांश आणि ७७ रेखांश, दोन्ही अगदी पूर्ण, तिथे एकमेकांना छेदतात. १९९६ मध्ये अलेक्स जॅरेट या अमेरिकी माणसाने जगातले असे पूर्णांकी छेदबिंदू गाठून त्यांचे फोटो गोळा करायचा उद्योग सुरू केला आणि तो अजून चालू आहे. बिंदूवर उभं राहून चार दिशांचे चार फोटो काढायचे आणि पाचवा यंत्राच्या पडद्याचा, सगळे शून्य जुळलेले असताना. ते जुळता जुळत नाहीत. पाऊल टाकलं की पूर्वेचे शून्य येतात आणि उत्तरेचा शेवटचा आकडा निसटतो, त्याच्यामागे सरकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या दोन मीटरांत माणूस बराच वेळ नाचत राहतो. तूर किंवा कापूस उभा असेल तर बांधावरूनच परत फिरा, सुगीनंतर या. आणि शेत ज्याचं असेल त्याला आधी विचारा, कारण त्याच्या शिवारात हे असं काही आहे याचा त्यालाही पत्ता नसण्याचीच शक्यता जास्त. सातबाऱ्यावर तसा रकाना नाही.