बळाची चौफेर तरतूद

व्यायामशाळेत दंड कमावलेला तरुण सूर्या नदीकाठच्या मासवण गावात भातलावणीस उतरला, की घटकाभरात कंबर धरून बांधावर बसतो; कारण शरीर हे मोठे हिशेबी असून, ज्या श्रमाचा तगादा लागतो त्याचीच ते तरतूद करते. वजनाने स्नायुतंतू जाड होतात, तर दीर्घ श्रमाने त्यांतील केशवाहिन्या वाढतात. एकाने दुसऱ्याची भरपाई पुरती होत नाही, म्हणून व्यायाम चौफेर हवा; तशी परंपरा आपल्याकडे आहेच. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला भारतीय व्यायामप्रकार दाखविले. त्या परंपरेतला मल्लखांब मला विशेष प्रिय: एरंडेल चोपडलेल्या त्या गुळगुळीत लाकडावर पकड, तोल आणि लवचिकता यांची झडती एकाच वेळी होते. दम मात्र निराळा कमवावा लागतो. त्यासाठी मासवणाकडच्या मनोर रस्त्याचा चढ आहेच.