क्लच, मोटारगाडीतील : दोष व त्यांची परीक्षा

एंजिनाची गती दंतचक्रपेटीला हवी तेव्हा जोडणारी व हवी तेव्हा तिच्यापासून तोडणारी, घर्षणावर चालणारी यंत्रणा म्हणजे क्लच. अंतर्ज्वलन-एंजिन थांबलेल्या स्थितीत शक्ती देऊ शकत नाही; ते सतत फिरते राहावे लागते. गाडीला मात्र वारंवार थांबावे लागते. ही विसंगती क्लचामुळे मिटते. अडचण मोटारीहून जुनी आहे. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे चिंचपोकळी, लालबाग, परळ या भागांतील कापडगिरण्यांत, प्रत्येक मागाला स्वतंत्र विद्युत् चलित्र येण्यापूर्वी छताजवळच्या एका लांब दंडावरून पट्ट्यांनी मागांना गती दिली जाई. मागाच्या दांड्यावर दोन कप्प्या असत, एक पक्की व एक सैल. विणकराने मूठ सरकविली की पट्टा सैल कप्पीवरून पक्क्या कप्पीवर येई आणि माग सुरू होई. तत्त्वतः हा क्लचच होय.

रचना व कार्य : मोटारगाडीत सामान्यतः एका तबकडीचा कोरडा क्लच असतो. एंजिनाच्या भुजादंडावर प्रचक्र बसविलेले असते. गॅरेजात त्यालाच फ्लायव्हील म्हणतात. प्रचक्र व प्रेशरप्लेट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना घर्षक अस्तर लावलेली क्लचप्लेट स्प्रिंगेच्या जोराने दाबली जाते व तिघे मिळून एकत्र फिरतात. पेडल दाबले की केबल किंवा द्रव यांच्याद्वारे एक काटा हलतो, रिलीज बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगेवर दाब देते आणि क्लचप्लेट मोकळी होते.

क्लच किती पीळ वाहून नेईल हे घर्षणगुणांक, दाब, सरासरी त्रिज्या व घर्षणपृष्ठांची संख्या यांच्या गुणाकारावरून ठरते. उदाहरणादाखल घर्षणगुणांक ०·३, दाब ३,००० न्यूटन, त्रिज्या ७·५ सेंमी. व पृष्ठे दोन धरल्यास १३५ न्यूटन-मीटर एवढा पीळ मिळतो. एंजिनाचा कमाल पीळ ९० न्यूटन-मीटर असेल, तर दीडपट राखीव क्षमता राहते. अस्तरावर तेल येऊन घर्षणगुणांक ०·१ वर आला, तर क्षमता ४५ न्यूटन-मीटरच उरते. अशी गाडी सपाट रस्त्यावर सावकाश चालेल, पण चढावर क्लच घसरेल. त्यामुळे बिघाड प्रथम भार वाढल्यावरच उघड होतो.

परीक्षेची आवश्यकता : क्लचप्लेट पाहण्यासाठी दंतचक्रपेटी उतरवावी लागते, त्यामुळे मजुरीचा भार मोठा असतो. याउलट केबल जुळविणे काही मिनिटांचे काम आहे. दोहोंची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. टॅक्सीवर पोट असलेल्या चालकाच्या बाबतीत गाडी गॅरेजात राहिली की दिवसाची कमाईही बुडते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. परंतु त्यांच्या चालकांनी पायाच्या व कानाच्या अनुभवाने जी लक्षणे ओळखली, ती आजच्या पेडल असलेल्या गाड्यांनाही लागू पडतात.

पहिली परीक्षा पेडलाची. पेडल हाताने हळू दाबावे. आरंभी काही अंतर ते जवळजवळ विनाविरोध खाली जाते, याला मोकळी चाल म्हणतात. केबलच्या अनेक गाड्यांत ती १५ ते २५ मिमी. असते, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. अस्तर झिजत जाते तशी ही चाल कमी होते. ती संपली की पाय उचललेला असतानाही बेअरिंग स्प्रिंगेवर टेकून राहते व क्लच घसरू लागतो. चाल प्रमाणाबाहेर वाढली, तर क्लच पुरता सुटत नाही. म्हणजे घसरणारा प्रत्येक क्लच झिजलेला असतोच असे नाही. प्रथम चाल जुळवून पाहावी. आपोआप जुळणाऱ्या केबलच्या गाड्यांत ही मोजणी उपयोगी नाही.

द्रवचलित प्रकारात टाकीतील द्रवाची पातळी पाहावी. काही गाड्यांत क्लच व ब्रेक यांची टाकी एकच असते, त्यामुळे तेथील गळती केवळ क्लचापुरती समजू नये. पेडल भराभर चार-पाच वेळा दाबल्यावरच गिअर पडत असेल, तर नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरातील रबरी भाग झिजले आहेत असे समजावे. या दोषासाठी दंतचक्रपेटी उतरविण्याचे कारण सहसा नसते. टाकीत पुस्तिकेत सांगितलेलाच द्रव घालावा; एंजिनाच्या तेलाने रबर फुगून निकामी होते.

घसरणे : वेग वाढविताना एंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. वरच्या गिअरमध्ये सौम्य चढावर हे स्पष्ट दिसते. उभ्या गाडीवरही परीक्षा करता येते. पुढची जागा मोकळी असावी, हातब्रेक घट्ट ओढावा, पायब्रेकही दाबावा, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडावा. एंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे. फिरतच राहिले तर घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करावी, कारण घसरणाऱ्या क्लचात प्रत्येक क्षणी उष्णता निर्माण होत असते. ४० न्यूटन-मीटर पीळ व मिनिटाला सु. ९५० फेरे वेगफरक असल्यास सु. ४ किवॉ. शक्ती, म्हणजे घरातील दोन मोठ्या गिझरांइतकी, त्या पातळ तबकडीत जिरते. चिंचपोकळी स्थानकाजवळच्या पुलाच्या चढावर वाहनांची रांग लागली असता गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरणारा चालक नेमके हेच करीत असतो. गणपतीच्या आगमनाच्या गर्दीत तासभर असे केले, तर अस्तराचा जळका वास येतो. तेथे हातब्रेकच वापरावा.

न सुटणे : एंजिन मंद चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, काही सेकंद थांबावे व मागचा गिअर टाकावा. खरखर झाली तर क्लचप्लेट अद्याप फिरत आहे. मात्र एंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील, तर दोष क्लचाचा नसून गिअरच्या दांड्यांचा किंवा दंतचक्रपेटीचा असण्याचा संभव अधिक. हा साधा भेद न पाहिल्यामुळे चांगल्या क्लचप्लेटी बदलल्या जातात. मुंबईत याला पावसाळ्याची जोड मिळते. केबल गंजून जड होते, आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी बरेच दिवस न चालविल्यास क्लचप्लेट प्रचक्राला गंजाने चिकटते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीसारख्या प्रसंगी पाण्यात सापडलेल्या गाडीचे एंजिन तपासणीपूर्वी सुरू करूच नये. क्लचाचा विचार त्यानंतरचा.

आवाजाच्या बाबतीत पेडलाची स्थिती निर्णायक ठरते. पेडलावर हलका पाय ठेवताच सुरू होणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो. गिअर न टाकता पेडल सोडलेले असताना येणारा व पेडल दाबल्यावर थांबणारा आवाज दंतचक्रपेटीच्या पुढच्या बेअरिंगचा असू शकतो. निघताना गाडी थरथरत असल्यास अस्तरावरील तेल हे एक कारण असते. परंतु एंजिनाचे फाटलेले रबरी आधार हुबेहूब तसाच थरथराट उत्पन्न करतात, आणि ते बाहेरून दिसतात.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून यांपैकी काहीही पाहू नये.

या परीक्षांनंतरही दंतचक्रपेटी उतरविणे अटळ ठरल्यास जुनी क्लचप्लेट मागून घ्यावी. रिव्हेटांच्या डोक्यांवर अस्तर जेमतेम काही दशांश मिमी. उरले असेल, तर ती खरोखर झिजली होती. अस्तर जाड असून तेलाने काळे पडले असेल, तर भुजादंडाचे किंवा दंतचक्रपेटीचे ऑइलसील गळत आहे. ते न बदलता बसविलेली नवी प्लेटही लवकरच घसरू लागते. प्रचक्रावरील निळसर डाग अतितापनाचे द्योतक होत. जुन्या गाड्यांच्या अस्तरात ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने आतील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती ओल्या फडक्याने पुसून काढावी.